टर्कीसकट पाठ

लॉस एंजेलिस,
३ नोव्हेंबर १९९६

ती. मतालताईस,
पालासचा सा. न. वि. वि.

आम्ही तिघं ठीक. मालिनचा खोकला गेला, तो बहुधा मला लागलाय. तुझ्या मागच्या पत्रात तू विचारलंस की मी खातो काय आणि झोपतो कधी. दोन्हीचं उत्तर एकच, शिलाई मशीनवर.

आता मुद्द्याचं. गावाला जिचं नाव त्या सांता एउलालियाच्या सणासाठी इथली आपली मंडळी दरवर्षी चर्चचा तळघरातला हॉल घेतात आणि मारिंबाचं वादन ठेवतात. यंदा राणी निवडायची आहे, १८ जानेवारीला. जी निवडून येईल तिनं इथल्या सगळ्यांच्या वतीनं मेणबत्ती घेऊन गावी जायचं आणि १२ फेब्रुवारीला सांतापुढे लावायची. येण्याजाण्याचं कमिटी बघणार. तुझ्या भाचीनं, एवुलनं, नाव दिलंय. मला विचारलं नाही, कळवलं.

ताई, मी गाव सोडलं त्याला सतरा वर्षं झाली. माझा आश्रयाचा अर्ज अजून कचेरीत पडलाय, मी देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येऊ शकणार नाही. एवुल इथली जन्मलेली, तिचा पासपोर्ट पक्का. आमच्यापैकी कुणी आईसमोर उभं राहू शकत असेल तर तीच.

अडचण अशी की राणीला पाच मिनिटं बोलावं लागतं, कागद न बघता, आपल्या कंजोबाल भाषेत. आणि एवुलला ती येत नाही. दोष माझा, हे तू लिहिण्याआधी मीच लिहितो. आम्ही आलो तेव्हा वाटाड्यानं बजावलं होतं, पकडलात तर मेक्सिकन म्हणून सांगा, म्हणजे फक्त सीमेपलीकडे सोडतील, थेट ग्वातेमालाला नाही. मी मेक्सिकन बोलायला शिकलो, आणि शिकलेलं सोडवेना. शिलाईखान्यात मी मेक्सिकोतल्या चियापासचा पांचो आहे. पोरीशी स्पॅनिश बोललो. घरात आपली भाषा आम्ही नवराबायको बोलतो, पण ती तिला कळू नयेत अशा गोष्टींपुरती.

तू मास्तरीण. सोप्या अक्षरांत पाच मिनिटांचं भाषण लिहून पाठव. ती पाठ करेल. पाठांतरात तिचा हात कुणी धरणार नाही.

आईला नमस्कार सांग. लोभ आहे तो तसाच राहू दे, वाढवलास तर माझी हरकत नाही.

तुझा,
पालास

---

सांता एउलालिया,
२८ नोव्हेंबर १९९६

चि. पालास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी आईला चुलीपाशी वाचून दाखवलं. ती इतकी हसली की डोळ्यांत धूर गेला असं तिला सांगावं लागलं. म्हणाली, लिहून दिलेलं बोलायला पोपट पुरे, नातीला कशाला त्रास.

मग तिनं एक अट घातली. तिच्याच शब्दांत देते. “माझ्याकडे टक लावून बघणारी मुकी नात मला नको. तसे फोटो माझ्याकडे सात आहेत. ज्या दिवशी ती माझ्याशी भांडू शकेल, त्या दिवशी पाठव.” मी म्हटलं, सणापुरती तरी येऊ दे. तर म्हणाली, पाहुणी आली की गोड बोलावं लागतं, आणि या वयात मला ते झेपत नाही.

भाषण लिहून द्यायला मीही नाही म्हटलं, आणि त्याचं खरं कारण तुला सांगते, कारण रोजनिशीत लिहून बघितलं तर ते लपवावंसं वाटलं. मला आईची भाषा लिहिता येत नाही. वीस वर्षं मी स्पॅनिशमध्ये शिकवते. वर्गात एखादं पोर कंजोबाल बोललं की मी फळ्यावर डस्टर आपटत असे. मारलं कधी नाही, हे मी स्वतःला सांगत असते. गेल्या वर्षी नवी वर्णमाला शिकवायला शहरातून दोन तरुण आले. त्यांनी मला लिहायला लावलेल्या अर्ध्या पानात एकवीस चुका निघाल्या. त्यांनी त्या फार आदरानं दाखवल्या. आदरानं जास्त लागलं.

तर शेवटी कॅसेट करायचं ठरलं. मी टेपरेकॉर्डर पाट्याशेजारी ठेवला, लाल बटण दाखवलं आणि शाळेत गेले. परत आले तेव्हा एक बाजू भरली होती आणि आई मका निवडत बसली होती, जणू काही घडलंच नाही.

तिची सक्त ताकीद आहे की कॅसेट फक्त एवुलनं ऐकायची. तू नाही, मालिन नाही. म्हणे मेणबत्ती नेणाऱ्या मुलीला शब्द म्हातारीच्या तोंडातून थेट कानात मिळाले पाहिजेत आणि आईबापांनी तोवर अंगणाबाहेर थांबायचं, अशी आपली जुनी प्रथा आहे. पंचेचाळीस वर्षांत ही प्रथा मी पहिल्यांदाच ऐकली. पण वाद घातला नाही.

कॅसेट तुमाशकडे दिली आहे. तो आठवड्याभरात सगळ्यांची पार्सलं घेऊन निघतो. वाळलेल्या मिरच्याही आहेत, त्या मात्र तिघांनी खायच्या.

तब्येत सांभाळ. आमची आठवण काढतोस, तशीच जेवायची वेळही काढ.

तुझी ताई,
मताल

---

लॉस एंजेलिस,
२२ डिसेंबर १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॅसेट पोचली. मिरच्या पोचल्या. तुमाशनं सीमेवर मिरच्यांची पिशवी हुंगायला दिली म्हणे, अधिकारी दहा मिनिटं शिंकला आणि बाकीचं सामान बघायचंच राहिलं.

आईची आज्ञा पाळतोय. एवुल वॉकमन कानाला लावून न्हाणीघरात जाते आणि कडी लावते. ऐकते, थांबवते, म्हणते, पुन्हा ऐकते. मालिनला तोंड धुवायचं असेल तर स्वयंपाकघरात धुवावं लागतं. मी बोळातून जाताना कानांत बोटं घालतो. तरी एकदा दाराआडून “हूश, हूश” असं ऐकू आलं. जुनी प्रार्थना असावी. आईला अशा बऱ्याच येतात ज्या आपल्याला कधी सांगितल्या नाहीत.

माझी भीती वेगळीच आहे. पोरगी शब्द घोकतेय, अर्थाचं काय? मी एकदा विचारलं की काय म्हणतेस ते कळतं का. तिनं खांदे उडवले आणि विचारलं, तुम्हाला चर्चमधलं लॅटिन कळायचं का.

परीक्षकांत मुख्य आहे माल्तिश, कमिटीचा अध्यक्ष. तुला आठवत असेल, खालच्या आळीतला, मोठ्या कानांचा. इथं त्याला सगळे मानानं डॉन माल्तिश म्हणतात आणि तो दर सभेत सांगतो की तरुणपणी हरणाच्या नाचात हरीण तोच होता, वीस दिवसांचं व्रत करून, शिंगं डोक्यावर पेलून. आता माझ्याइतकंच त्याचंही डोकं मोकळं झालंय, पण शिंगं अजून आहेतच अशा चालीनं तो चालतो. मुलींच्या चुका काढण्यात पटाईत. मागच्या वर्षी एकीला मध्येच थांबवून खाली बसवलं.

शिलाईखान्यात काम दुप्पट आहे. माझ्या शेजारच्या मशीनवर चायोबाई आहेत, मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या. मी चियापासचा आहे यावर त्यांचा विश्वास आहे असं मी धरून चालतो. कधी एखादा शब्द चुकला की त्या माझ्याकडे चष्म्यावरून बघतात, आणि मी मोठ्यानं एखादी मेक्सिकन म्हण ठोकून देतो. अकरा वर्षं असं चाललंय. दमायला होतं गं.

आईला सांग, अंगणाबाहेर उभा आहे. पावसात आहे.

तुझा,
पालास

---

लॉस एंजेलिस,
१९ जानेवारी १९९७

ताई,

मायना लिहायची आज माझी मनःस्थिती नाही. नमस्कार समजून घे.

तू काय पाठवलंस? त्या कॅसेटवर आईनं काय भरलं होतं ते तू ऐकलं होतंस की नाही?

काल हॉल गच्च होता. एवुलच्या आधी चार मुली बोलल्या, सगळ्या रेडिओवरच्या बातम्यांसारख्या. मग आपली. आपल्या आईचा लाल हुइपील, तो विणलेला झगा, अंगावर, जो तू मला लग्नात दिला होतास मालिनसाठी. सुरुवात अशी केली की माझ्या अंगावर काटा आला. डोंगरांना नमस्कार, पूर्वजांना नमस्कार, मेणाला, वातीला, आणि आवाजाचा चढउतार हुबेहूब आईचा, श्वाससुद्धा तिथंच घेतला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या रडू लागल्या. मीही. मग सांताचं नाव घेतलं, आणि त्याच सुरात, त्याच भक्तिभावानं म्हणाली, हूश, हूश, ऊठ तिथून, मेले, ते पीठ काय तुझ्या बापानं दळलंय?

मला कळेना की हे आपण ऐकलं का. ती पुढे पूर्वजांवर आली. त्यांनी बर्फातून आणि बंदुकांतून वाट काढली, असं काहीसं, फार सुंदर. आणि पुन्हा टर्की. या वेळी टर्कीच्या आईचाही उद्धार झाला.

तोवर मागच्या रांगा हसायला लागल्या होत्या. मी उठून तिला खाली आणणार होतो, मालिननं माझा शर्ट धरला. आणि मग आलं ते. ती म्हणाली, तिकडे त्यांचा अध्यक्ष माल्तिश आहे म्हणे, खालच्या आळीचा, तोच तो, ज्याची मान शिंगांखाली वाकली म्हणून नाचात त्याला हरणामागचा कुत्रा केला होता, चार दिवस शेपटी हलवत होता बिचारा, पण हलवली मात्र छान.

ताई, तीनशे माणसं. म्हाताऱ्यांनी गुडघ्यांवर हात मारले. एकाचे दात पडले. माझी पोर मध्ये उभी, गंभीर चेहऱ्यानं, एका शब्दाचा अर्थ न कळता आपल्या आजीच्या स्वयंपाकघराचा कचरा ओंजळीत घेऊन. मला जमिनीनं गिळलं असतं तर मी आभार मानले असते. ही माझीच शिक्षा. भाषा दिली नाही, आणि त्याचं हे असं उट्टं निघालं.

माल्तिश उठला. हसणं थांबलं. तो हळूहळू मंचावर गेला, मानेत ती शिंगं होतीच. माइक हातात घेतला. मग आपल्या भाषेत म्हणाला, “शेपटीही जड असते.” आणि त्यानं राणीचा पट्टा तिच्या गळ्यात घातला.

ती जिंकली. ७ फेब्रुवारीला निघते. पण आईची अट पुरी झाली असं मी मानत नाही. तिनं काही ठरवलं असेल तर पोरीला सांभाळून घे. ती तिथं तोंड उघडेल आणि टर्की बाहेर येईल.

पालास

---

लॉस एंजेलिस,
२१ जानेवारी १९९७

ती. मतालआत्यास,
एवुलचा शि. सा. नमस्कार.

आत्या, आपण कधी भेटलो नाही, तरी या पत्रातलं बाबांना कळवायचं नाही असं मी तुला आधीच सांगते. स्पॅनिशमध्ये लिहितेय, कारण आपल्या भाषेत लिहायचं कसं ते मला माहीत नाही. बाबा म्हणतात तुलाही नाही, म्हणून लाज वाटत नाही.

मला सगळं कळतं. लहानपणापासून. बाबा आणि आई मला कळू नये म्हणून कंजोबाल बोलतात. सोळा वर्षं ते माझ्यासमोर माझ्या वाढदिवसाची भेट ठरवतात, घरमालकाला शिव्या घालतात, पेपर नाकारले तर काय करायचं ते बोलतात. आजोबा कसे गेले ते मी सात वर्षांची असताना जेवताना ऐकलं आणि भात संपवला, कारण मला कळलं नाही असं सगळ्यांना वाटायला हवं होतं. ज्या भाषेत आपल्यापासून सगळं लपवतात ती भाषा एखादी मुलगी शिकणार नाही का? बोलता मात्र येत नव्हती. तोंडातून काढली असती तर त्यांनी माझ्यासमोर बोलणं बंद केलं असतं, आणि मग मला काहीच कळलं नसतं.

म्हणून न्हाणीघर. बोलायचा सराव.

टर्की काढून टाकावी की नाही यावर मी दोन आठवडे विचार केला. चारही मुली छान छान बोलणार हे मला माहीत होतं. मला वाटलं, आजीनं मुद्दाम ठेवलं असेल तर मी कोण काढणारी? आणि मुद्दाम नसेल, तर मग तेच खरं. माल्तिशकाकांचं मात्र मी माझ्या जबाबदारीवर ठेवलं. त्यांनी मागच्या वर्षी माझ्या मैत्रिणीला रडवलं होतं.

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. रविवारपासून ते आईशी कंजोबालमध्ये माझ्याबद्दल बोलतायत, की बिचारीला काहीच कळलं नाही. इतकं प्रेमानं बोलतायत की मला थांबवायला जीव होत नाही.

येताना काय आणू? आजीला सांग, मी भांडायची तयारी करतेय.

तुझी भाची,
एवुल

---

सांता एउलालिया,
१७ फेब्रुवारी १९९७

चि. पालास,
अ. उ. आ.

पोरगी पोचली, मेणबत्ती लागली, थंडीनं तिचे ओठ निळे झाले आणि आता परत गुलाबी आहेत. सणाची हकीकत ती सांगेल. मला दुसरं सांगायचं आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी. हो, मी कॅसेट ऐकली होती. पाठवण्याच्या आदल्या दिवशी, आई झऱ्यावर गेली असताना. टर्कीपाशी आणि माल्तिशपाशी तीनदा फीत मागे नेली आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. मग मला दिसलं की मी पुन्हा डस्टर आपटतेय. बोट काढलं. यात माझं किती पुण्य आणि किती खोडसाळपणा होता हे मी रोजनिशीत मोजायचा प्रयत्न केला. खोडसाळपणा जास्त भरला. माफ कर.

आईला विचारलं तर ती म्हणते, टर्की बोलली त्याला मी काय करू.

पहिल्या दिवशी एवुल नुसती हसली आणि मान हलवली. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाली, आठवा फोटो. मला काही गोष्टी माहीत होत्या ज्या तुला सांगायला मनाई आहे, तरी मला वाटलं, पोर घाबरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं सुरी घासली. नातीच्या मानासाठी टर्कीच कापायला हवी. तीच टर्की, पालास. एवुल अंगणात आली, टर्की ओरडली, आणि पोर जागच्या जागी थांबली. दोन महिने रोज तिनं तो आवाज कानात ऐकला होता. ती मधे उभी राहिली आणि आईला म्हणाली की हिला हात लावायचा नाही. कंजोबालमध्ये. चुकत नाही, अडखळतही नाही, पण शब्द सगळे तुझ्या आणि मालिनच्या भांडणातले, त्यामुळे पहिल्याच वाक्यात तिनं आजीला घरमालक म्हटलं.

आई सुरी हातात घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, पाहुणी आहेस, पाहुण्यासारखी वाग. ती म्हणाली, पाहुणी असते तर गप्प खाल्लं असतं. आई म्हणाली, घरात मी सांगेन ते कापलं जाईल. ती म्हणाली, मग मला काप, मी जास्त जाड आहे. हे दोन दिवस चाललं. शेजारणी मक्याची टोपली घेऊन येऊन बसत होत्या. सणाच्या दिवशी आम्ही घेवडा खाल्ला.

काल आई चुलीपाशी मला हळूच म्हणाली, “आता आली ती.”

या भांडणाची कॅसेट सोबत पाठवते. लाल बटण मी स्वतः दाबलं होतं, पाट्यामागून. दुसऱ्या प्रथेचा काही शोध लागलेला नाही, त्यामुळे तू ऐकायला हरकत नाही. आणि मालिनशी बोलताना यापुढे जरा जपून.

तुझी ताई,
मताल

---

लॉस एंजेलिस,
९ मार्च १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोळा वर्षं! एवुलनं परत आल्या आल्या सगळं कबूल केलं. मालिन आणि मी परवा बसून यादी केली, काय काय बोललो ते. अर्ध्यावर थांबलो. आता आम्हाला गुपितं बोलायला भाषाच उरली नाही, अंगणात उभं राहून खुणा कराव्या लागतात. एवुल खिडकीतून खुणांचा अर्थ सांगते.

कॅसेट घरी दोनदा ऐकली. मग काय सुचलं कुणास ठाऊक, शुक्रवारी ती शिलाईखान्यात नेली. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की मी मशीनपाशीच डबा खातो. टेप लावला, आवाज बारीक. आईचा आवाज, सुरी घासल्याचा आवाज, एवुल, टर्की. मी खाली मान घालून चावत होतो, म्हणजे चावायचं निमित्त करत होतो.

एवुल म्हणाली, मग मला काप. आणि माझ्या शेजारी कुणीतरी हसलं. बरोबर जागी, ताई. टर्कीवर नाही, शब्दावर.

मी वर बघितलं. चायोबाई गेल्याच नव्हत्या. चष्मा काढून डोळे पुसत होत्या, पुएब्लाच्या चायोबाई. माझ्याकडे बघितलं आणि मला समजलं की अकरा वर्षं त्याही माझ्या प्रत्येक मेक्सिकन म्हणीला अशाच घाबरत होत्या. त्यांचं नाव शेपेल आहे. सोलोमाच्या आहेत, आपल्यापासून डोंगर उतरला की. पुएब्ला त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलंय, तेही पहाटे.

पण हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मुकादम नव्हता, आणि आपल्या भाषेत एवढंच विचारलं, “टर्की वाचली का?”

मी म्हटलं वाचली. मोठ्यानं म्हटलं. दोन मशीनं सोडून डुलकी काढत बसलेल्या चियापासच्या लोलोनंही मान वर केली, आणि मला आता त्याच्या चियापासबद्दलही शंका आहे.

आईला सांग, मी अंगणात आलो. तिला म्हणावं, माझ्याशीही भांडायचं राहिलंय, तेवढं शिल्लक ठेव.

तुझा धाकटा,
पालास
(शिलाईखान्यातही आता पांचो म्हणून हाक मारली तर मी वळत नाही.)